फर्शी, नेचा, चिलीम : आजोबांचा हुक्का साफ करतानाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार. उदगीर

गेल्या पावसाळ्यात माळवद गळालं होतं. पुढच्या पावसाआधी ते नीट करून घ्यायचं तर आधी माळा रिकामा व्हायला हवा, म्हणून आज लातूरहून आलो. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, दोन सतरंज्या आणि अगदी कोपऱ्यात जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं. गाठ सोडली तसा वास आला. जुन्या गुळाचा, ओल्या राखेचा, मागाहून कडवट तंबाखूचा. आजोबांना जाऊन ४१ वर्षं झाली आणि वास अजून तिथंच होता.

आत्या खालून म्हणाली, "काय सापडलं रे?" मी सांगायच्या आत वास तिच्यापर्यंत पोचला होता. "अण्णांची गुडगुडी हाय ती," म्हणत ती शिडीपाशी येऊन उभी राहिली. तिचं वय ८३.

गाठोड्यात निघालं ते असं : खालचं पाण्याचं भांडं, ज्याला आत्या फर्शी म्हणते. फरशीवर सपाट बसतं म्हणून फर्शी. त्याच्या तोंडात घट्ट बसलेला नेचा, म्हणजे कापड आणि जरीची दोरी गुंडाळलेला उभा दांडा. एक सरळ नळी, साधारण दोन फूट, तोंडाशी पितळी मुखनळ. चिलीम नाही. धोतराच्या घडीत तिचे चार तुकडे मिळाले, मातीचे.

फर्शी घंटेच्या आकाराची आणि काळी. मला आधी वाटलं, लोखंडी असावी आणि वरून रंग दिलेला. ओल्या फडक्याने एक बोटभर जागा पुसली तर काळ्यातून एक पांढरी रेघ वर आली, मग तिची पाकळी झाली, मग अफूचं अख्खं फूल, देठासकट. चांदीची तार. बिदरी आहे, बीदरचं काळ्या धातूत चांदीची तार बसवायचं काम! ताबडतोब फडकं खाली ठेवलं. ज्याला घासायचं कसं हे माहीत नाही त्याला घासू नये.

ठरलं ते इथे लिहून ठेवतो. हुक्का चालत्या स्थितीत आणायचा, सगळे सांधे हवाबंद, पाणी भरलं की वाजला पाहिजे. तंबाखू मात्र घरात परत येणार नाही. आजोबांची शेवटची तीन वर्षं मी लहान असताना पाहिली आहेत, रात्री ओट्यावर बसून खोकायचे. आत्यालाही धूर नकोच आहे. तिला तो आवाज एकदा ऐकायचा आहे, एवढंच ती म्हणाली.

७ जानेवारी, रविवार

नेचा निघत नाही.

हुक्क्याची रचना कळल्याशिवाय जोर लावायचा नाही म्हणून आधी टॉर्च घेऊन बसलो. नेच्यात दोन नळ्या असतात, बोरूच्या. एक चिलमीखालून निघते आणि थेट पाण्यात बुडते. दुसरी आखूड, तिचं खालचं तोंड पाण्याच्या वर राहतं आणि वरचं तोंड ओढायच्या नळीला जोडलेलं. ओढलं की फर्शीतली पाण्यावरची हवा कमी होते, तिथला दाब घटतो, आणि ती जागा भरायला चिलमीतला धूर लांब नळीतून खाली येऊन पाण्यातून बुडबुडे काढत वर येतो. गुडगुड ती हीच. म्हणजे सगळा खेळ हवेच्या एकाच वाटेवर आहे. दुसरीकडून कुठूनही हवा शिरली तर ओढणाऱ्याला नुसता वारा मिळतो आणि पाणी गप्प राहतं.

नेच्याच्या खालच्या भागावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळून बूच केलेलं असतं. तेच फर्शीच्या तोंडात अडकलं आहे. चाळीस वर्षांचा कीट त्यात मुरून दगड झालाय. मी कोमट पाण्यात फडकं भिजवून सांध्याभोवती तासभर गुंडाळून ठेवलं, म्हटलं कीट सुटेल. झालं उलटं. कापड आणि बोरू दोन्ही पाणी प्यायले, फुगले, आणि सकाळी जरा तरी हलणारा नेचा दुपारी जागचा हलेना. ही चूक माझीच, घाईची. आत्या म्हणाली, "सुकू दे की. दारं पावसाळ्यात फुगतात तवा काय करतोस?" 

फर्शी ओसरीत सावलीला आडवी ठेवली. उन्हात नाही, बोरू तडकेल. पुढच्या शनिवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं घरात सांगून लातूरला परतलो.

१३ जानेवारी, शनिवार

नेचा निघाला. काहीही केलं नाही, दोन्ही हातांत धरून थोडा पिळला आणि बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करत वर आला. आठवडाभरात बूच सुकून आकसलं होतं.

फर्शीच्या आत टॉर्च मारला. वरच्या अर्ध्यात काळा चकचकीत थर, वाळलेल्या काकवीसारखा. खालच्या अर्ध्यात, जिथे पाणी असायचं तिथे, पांढरा खरखरीत भुगा. काळा थर तंबाखूचा कीट. पांढरा भुगा जस्ताचा. बिदरीचा धातू म्हणजे बहुतेक सगळं जस्त, १६ भागाला १ भाग तांबं असं प्रमाण सांगतात. जस्तावर पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं की ते असं पांढरं खाल्लं जातं. शेवटच्या दिवसांत कोणी आतलं पाणी काढून टाकलं नसणार. तसाच बांधून माळ्यावर गेला.

आज घरात भांडी काढली होती, उद्या भोगी म्हणून. वहिनींनी चिंचेचा कोळ आणि मीठ लावून पितळेचे डबे लख्ख केले होते, आणि तो डबा उजळताना बघून मला मोह झाला. फर्शीच्या बुडाखाली, जिथे कोणाला दिसणार नाही तिथे, रुपयाएवढ्या जागेवर चिंच लावून पाहिली. काही मिनिटांत काळा रंग गेला आणि खाली राखी, मेलेला धातू उघडा पडला. पाण्याने धुतलं, पुसलं, पण गेलेला काळा परत येत नाही. पितळेला जे चालतं ते बिदरीला चालत नाही, कारण बिदरीचा काळा हा मळ नव्हे, ते त्याचं काम आहे. चिंचेचं आम्ल जस्ताला खातं. दिसायला सगळी आपल्या फडताळातलीच भांडी, पण धातू ओळखल्याशिवाय चिंच लावायची नाही हे आता मी कोणालाही सांगेन.

फर्शी पुसून ठेवली. बीदरला न्यावी लागणार.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर आत्याशी बोलत बसलो. तिच्या मते हुक्का म्हणजे निजामाकडचं खूळ, हैदराबादेहून आलेलं. आजोबांना तो त्यांच्या वडिलांकडून आला आणि वडिलांना बीदरच्या कोणा अधिकाऱ्याकडून भेट मिळाला एवढंच तिला ठाऊक आहे.

मी तिला असद बेगची गोष्ट सांगितली. अकबराचा हा सरदार विजापूरला गेला होता, तिथे त्याला तंबाखू मिळाली. उत्तरेत त्याने ती कधी पाहिली नव्हती. त्याने रत्नजडित नळी, चिलीम असा सगळा सरंजाम करून ती आग्र्याला बादशहापुढे ठेवली, १६०४-०५ च्या सुमाराला. म्हणजे तंबाखू दिल्ली-आग्र्याहून दख्खनेत आली नाही, दख्खनेतून तिकडे गेली. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरवली, तिथून विजापूर, तिथून आग्रा. अकबराने एक-दोन झुरके घेतले तर हकीम लगेच आडवे आले. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीच घातली, तिचा काही उपयोग झाला नाही.

हुक्का कोणी शोधला म्हणाल तर हकीम अबुल फतह गीलानी यांचं नाव घेतात. धूर पाण्यातून नेला की निर्दोष होतो असं त्यांनी सुचवलं म्हणे. पण हकीम वारले १५८९ मध्ये, आणि तंबाखू दरबारात आली त्यानंतर पंधरा वर्षांनी. गोष्ट जुळत नाही. तरी पाण्याने धूर धुतला जातो ही समजूत मात्र चारशे वर्षं टिकली. आजोबांचीही तीच होती. आत्या म्हणाली, "अण्णा म्हणायचे, बिडी वाईट. ही काय, पाण्यातनं गाळून येती."

गाळून काही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितलं आहे की तासभर हुक्का ओढणाऱ्याच्या छातीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर जातो. वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड, तो पाण्यात अडकत नाही. एकच नळी हातोहात फिरायची त्यातून क्षय पसरायचा तो वेगळाच. हे मी आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तवा कोण सांगणार होतं?"

२० जानेवारी, शनिवार

आज दिवसभर आतली सफाई. बाहेरून हुक्का कितीही चमको, घाण असते ती नळीत. या कामातला खरा भाग हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

फर्शी : चिंच नाही, मीठ नाही, सोडा नाही, तारेची घासणी नाही. रिठे रात्री भिजत घातले होते, त्याचं पाणी कोमट करून ओतलं. त्यात एक मूठ कच्चे तांदूळ. तोंडावर तळवा दाबून हलवलं, गोल फिरवलं, ओतलं. आई अरुंद तोंडाच्या बरण्या अशाच धुवायची. पहिलं पाणी काळ्या काढ्यासारखं, चिकट, आणि वास असा की ओसरीवरून मांजर उठून गेलं. पुन्हा रिठे, पुन्हा तांदूळ. नवव्या वेळी पाणी चहाच्या रंगाचं झालं, चौदाव्या वेळी उष्ट्या ताकासारखं. तिथे थांबलो. काचेच्या बाटलीला लांब ब्रश फिरवतात तसा मऊ ब्रश आतून एकदा फिरवला. पांढरा भुगा बराच सुटला, पण खाली जस्त खाऊन बारीक खड्डे पडले आहेत, ते राहणार. लगेच कोरड्या फडक्याने पुसून फर्शी उपडी ठेवली, खाली दोन काड्या घालून, म्हणजे आतून वारा लागेल.

नेचा : हा पाण्यात बुडवायचा नाही, तो धडा मिळाला आहे. रोज वापरात असताना गोष्ट निराळी होती. आत्या सांगते, रोज सकाळी गडी हुक्का "ताजा" करायचा. जुनं पाणी फेकून नवं भरायचा, नळीतून पाणी सोडायचा, बूच ओलं करून बसवायचा. बोरू सतत ओलसर असायचा म्हणून तडकत नव्हता आणि ओलं बूच फुगून हवा अडवायचं. मला ज्या फुगण्याने सतावलं, त्याच्यावरच आजोबांचा हुक्का हवाबंद राहायचा! पण चाळीस वर्षं सुकलेल्या बोरूला एकदम पाणी दाखवलं तर तो उभा चिरेल.

म्हणून कोरडी रीत. सायकलच्या आऱ्याएवढी तार घेतली, टोकाला बारीक आकडा केला, त्यात सुती चिंधी ओवली, चिंधीवर दवाखान्यातलं स्पिरिट शिंपडलं. नळीच्या एका तोंडातून घालायची आणि दुसऱ्यातून ओढून काढायची, मागेपुढे करायची नाही, नाहीतर कीट आत दाबला जातो. पहिली चिंधी अर्ध्यात अडकली. ती काढताना बाहेर आली काळी, लांबट गुठळी, करंगळीच्या पेराएवढी, डिंकासारखी ताणली जाणारी. वर्तमानपत्रावर ठेवली तर कागदाला तेलकट तपकिरी वलय सुटलं. किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिलो. नळीत राहिलेलं एवढं, तर छातीत किती गेलं असेल.

चिंध्या मोजल्या, लांब नळीला २३, आखूड नळीला १६, ओढायच्या नळीला १९. शेवटची चिंधी फिक्या पिवळ्या रंगाची निघाली. चिंध्या आणि कीट अंगणात खड्डा करून पुरले. तंबाखूचा अर्क आहे, कोंबड्या-कुत्र्यांच्या तोंडी लागायला नको.

मुखनळ पितळी, आत कळकलेला, हिरवट. त्याला चिंच चालते. लावली, धुतला, उजळला.

२७ जानेवारी, शनिवार. बीदर

सकाळच्या गाडीने भालकीवरून बीदर. फर्शी मांडीवर घेऊन बसलो होतो. चौबाऱ्याजवळ उतरून बिदरीवाल्यांच्या दुकानांतून विचारत विचारत एका म्हाताऱ्या कारागिराच्या कारखान्यात पोचलो. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर शाह रशीद अहमद कादरी यांचा फोटो, वर्तमानपत्रातून कापलेला. २०२३ मध्ये बिदरीच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा या गल्लीत फार अभिमान आहे.

चाचांनी फर्शी हातात घेतली, बोटाने टिचकी मारली, ऐकलं, मग उलटी करून तो राखी डाग पाहिला. "इम्ली?" मी मान डोलावली. ते रागावले नाहीत. म्हणाले, सगळेच लावतात.

फर्शी नवी दिसावी म्हणून पुन्हा सगळी काळी करू का, असं मीच विचारलं. त्यांनी नकार दिला. जुना काळा आहे तसा राहू द्यायचा, फक्त डाग झाकायचा. एका पानाच्या टोकाशी चांदीची तार उचलली गेली होती, ती मला दिसलीही नव्हती. ती त्यांनी छोट्या हातोडीने चार ठोके देऊन बसवली. मग डाग बारीक कागदाने घासला, जागा हलकीशी गरम केली आणि एका डब्यातून माती काढली. बीदरच्या किल्ल्यातली, जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेला नाही अशा जागेची. चिमूटभर जिभेवर ठेवून चव घेतली. तिच्यातल्या क्षारांमुळे काळं होतं, आणि माती कामाची आहे की नाही हे जीभच सांगते. मातीत नवसागर आणि पाणी कालवून लेप लावला. पाहता पाहता राखी डाग काळा झाला. शेजारची चांदी मात्र तशीच पांढरी! जस्ताला रंग चढतो, चांदीला चढत नाही, या एका फरकावर ही सगळी कला उभी आहे. धुऊन, पुसून, वर तेलाचा हात फिरवल्यावर डाग कुठे होता ते मलाच शोधावं लागलं.

आतून कल्हई करून घ्यायचा माझा विचार होता, खड्ड्यांमुळे. नवसागर तर कल्हईवालाही वापरतो. चाचांनी हातच जोडले. कथील २३२ अंशांना वितळतं, जस्त ४२० च्या आसपास, आणि कल्हईवाल्याच्या भात्यापुढे एवढंसं अंतर सांभाळणं कठीण. भांडं वाचलं तरी वरची तार सुटेल. बिदरी विस्तवाजवळ न्यायचीच नाही.

निघताना म्हणाले, "पानी डालके भूलना नक्को." दख्खनीतलं हे नक्को आपल्याच नकोचं. त्यामुळे असेल, पण सूचना घरच्या माणसाने द्यावी तशी वाटली.

३ फेब्रुवारी, शनिवार

कुंभाराकडून चिलीम आणली. जुने चार तुकडे जोडून त्याला दाखवले होते, तशीच घडवली, फक्त थोडी जाड. तळाच्या भोकावर ठेवायचा खडा आत्याने अंगणातून निवडला. तो नसला तर तंबाखू नळीत उतरते. आपल्याला तंबाखू घालायची नाही, पण खडा ठेवला. चिलीम खड्याशिवाय पुरी होत नाही असं आत्याचं म्हणणं.

बुचाच्या जुन्या पट्ट्या कुजल्या होत्या. त्या काढून जुन्या धोतराचीच पट्टी फाडली, ओली करून घट्ट गुंडाळली. फर्शीत पाणी भरलं. किती भरायचं ते काडीने मोजलं, लांब नळीचं टोक पाण्याखाली दोन बोटं. कमी भरलं तर धूर पाण्याला शिवतच नाही, जास्त भरलं तर ओढताना पाणी तोंडात येतं.

ओढून पाहिलं. काहीच नाही, नुसता वारा.

चिलमीच्या तोंडावर तळवा ठेवून ओढलं, तरी वारा आला. म्हणजे कुठेतरी गळती. सांधे बोटांनी दाबून पाहिले, कळेना. मग उदबत्ती लावली. पुतण्याला नळी ओढायला सांगितली आणि मी उदबत्तीचा धूर एकेका सांध्याजवळ नेत गेलो. बुचापाशी धूर सरळ वर गेला. चिलमीपाशीही. नेच्याच्या मध्यावर, जरीखाली, धुराची रेघ एकदम वाकली आणि आत शिरली. तिथली जरीची दोरी चार वेढे उलगडली तर बोरूला केसासारखी उभी चीर, बोटभर लांब. मधमाशीचं मेण पातळ करून भरलं, वरून रेशमी दोरा गुंडाळला, पुन्हा मेण, पुन्हा जरी.

पुतण्या एकोणीस वर्षांचा. विचारत होता, पुण्यात मित्र फळांच्या वासाचा हुक्का ओढतात, तसा एकदा लावायचा का. त्याला समोर बसवून ती कीटाची गोष्ट सांगितली, आजोबांचा खोकला सांगितला. मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमध्ये आग लागून १४ जीव गेले, त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आणली, हेही. त्याने वाद घातला नाही. पुढची नळी त्यानेच पुसली.

१० फेब्रुवारी, शनिवार

मेण बसलं होतं. बूच ओलं केलं, पाणी भरलं, चिलीम रिकामी ठेवली. आत्याला ओसरीत खुर्ची दिली. मुखनळ उकळत्या पाण्यातून काढून पुसला आणि ओढलं.

वाजला.

आत्याने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने मान हलवली. "असा नव्हता." माझं मन खट्टू झालं. ती म्हणाली, "तू भरभर ओढायलास. अण्णा सावकाश ओढायचे. दोनदा गुडगुड, मग थांबायचे, मग एकदाच. आन् आवाज जाड होता."

जाड म्हणजे काय ते बघायला पाणी बदलत गेलो. थोडं काढलं तर आवाज पातळ, सुटा. थोडं घातलं तर बुडबुडे मोठे, सावकाश, खोल. तिसऱ्या वेळी नळी पाण्याखाली तीन बोटं गेली तेव्हा तिने हात वर केला. मी दोनदा ओढलं, थांबलो, मग एकदा.

"हां. हेच."

मग तिने सांगितलं की सकाळी हा आवाज आला की आजी चूल पेटवायची आणि पोरांनी उठायचं. घड्याळ नव्हतं घरात. मी आणखी पाच-सहा वेळा ओढलं. नंतर ती म्हणाली, पुरे.

पाणी ओतलं. नेचा काढून ओसरीच्या खुंटीला आडवा टांगला. फर्शी पुसली, बाहेरून खोबरेल तेलाचं बोट फिरवून कोरड्या मलमलने जिरवलं. उद्या दुपारपर्यंत दोन काड्यांवर उपडी राहील, मग सुती कापडात वेगवेगळं बांधायचं. नेचा फर्शीत बसवून ठेवायचा नाही. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीला, उघडून वारा द्यायचा. हे कागदावर लिहून कापडाच्या गाठीत घातलं आहे.

माळवदाचं काम सोमवारपासून.